त्वचा-मात्रेची अचूकता : एका गृहीतकाची चिकित्सा

किरणोपचाराच्या शास्त्रात ‘अचूकता’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. आंतरराष्ट्रीय प्रारण-एकक व मापन आयोगाने १९७६ साली आपल्या २४ व्या अहवालात असा दंडक सुचविला की, अर्बुदाला मिळणारी मात्रा नियोजित मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी. पुढील काळात मापनशास्त्राने जे परिश्रम घेतले ते बहुतांशी या पाच टक्क्यांच्या परिपालनासाठी होत. परंतु हाच शब्द शरीराच्या सर्वांत बाहेरच्या एक-दोन मिलिमीटरांना लावू गेल्यास त्याचा अर्थ पालटतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संस्थेच्या ५३ व्या कार्यगटाने १९९८ मध्ये उपचार-नियोजनाच्या संगणक-प्रणालींविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात स्वीकारार्ह तफावतीची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत झोताच्या मध्यभागासाठी एक-दीड टक्का आणि पृष्ठभागालगतच्या बिल्डअप-प्रदेशासाठी मात्र वीस टक्के अशी मोजपट्टी आढळते. आणि तीही साध्या चौरस क्षेत्रासाठी. एकाच रुग्णाच्या एकाच उपचारात खोलवरच्या ऊतींना एक न्याय आणि त्वचेला दुसरा, असा हा भेद आहे. तो कोठून आला, आज तो कितपत समर्थनीय आहे आणि ‘त्वचेला मिळालेली मात्रा’ म्हणून जे आकडे प्रबंधांतून व रुग्णपत्रिकांतून नोंदविले जातात त्यांचा नेमका अर्थ काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. भेदाचा उगम

आरंभीच्या काळात त्वचा हीच मात्रेचे माप होती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर कित्येक वर्षे मात्रा मोजण्याचे विश्वसनीय साधन हाती नव्हते. त्वचा लाल होणे हीच खूण. १९२० च्या सुमारास जर्मनीत झाइट्झ आणि विंट्झ यांनी ‘त्वचा-लालिमा-मात्रा’ हे उपचाराचे परिमाणच ठरवून टाकले. या परिमाणाचा दोष उघड होता. लालिमा किती गडद, किती दिवसांनी पाहावयाची, कोणाच्या त्वचेवर, यांविषयी एकवाक्यता नसल्याने एका रुग्णालयातील लालिमा-मात्रा दुसऱ्या रुग्णालयातील लालिमा-मात्रेशी जुळत नसे. १९२८ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने राँटगेन हे भौतिक एकक स्वीकारले, तेव्हा हा गोंधळ पुष्कळ अंशी संपला. नाव एक आणि राशी अनेक, असा तो गोंधळ होता. हे वर्णन लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढे त्याचाच एक नवा अवतार पाहावयाचा आहे.

दोन-तीनशे किलोव्होल्टच्या क्ष-किरणांची महत्तम मात्रा पृष्ठभागावरच पडते. त्यामुळे त्या काळी खोलवरच्या अर्बुदाला किती मात्रा देता येईल हे त्वचेची सहनशक्ती ठरवीत असे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चे उपचार सुरू झाले आणि १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेषीय वेगवर्धक कामास लागला. या उच्च ऊर्जेच्या किरणांनी ऊतींतून मोकळे होणारे इलेक्ट्रॉन मुख्यत्वे पुढच्या दिशेने धावतात आणि काही अंतर गेल्यावर आपली ऊर्जा पुरती सोडतात. परिणामी मात्रा पृष्ठभागावर कमी असते, वाढत जाते आणि कोबाल्टच्या बाबतीत सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर, सहा मेगाव्होल्टच्या झोताच्या बाबतीत सुमारे दीड सेंटिमीटरवर कळस गाठते. त्वचेची मर्यादा अशा रीतीने दूर झाली. मात्र या यशाबरोबरच एक गृहीतक शास्त्रात रुजले : त्वचा आता वाचलेली आहे, म्हणून तिची मात्रा बारकाईने जाणण्याची निकड नाही. वीस टक्क्यांची सवलत या गृहीतकाचीच वारस म्हणावयास हवी. त्या प्रदेशातील मापन कठीण आहे हे तिचे एक कारण खरेच. परंतु ती कठीणता इतकी वर्षे निमूटपणे स्वीकारली गेली याचे कारण हे गृहीतक होय.

२. ‘त्वचा’ म्हणजे किती खोली?

पृष्ठभाग ही भूमितीतील कल्पना आहे. तिला जाडी नाही. त्वचा ही जिवंत ऊती आहे. तिला थर आहेत. किरणांनी होणारी तात्कालिक इजा प्रामुख्याने बाह्यत्वचेच्या तळथरातील विभाजनक्षम पेशींवर अवलंबून असते, तर पुढे महिन्या-वर्षांनी दिसणारी काठिण्य व केशवाहिन्यांचे प्रसरण यांसारखी लक्षणे खालच्या अंतस्त्वचेशी निगडित असतात. आंतरराष्ट्रीय प्रारण-संरक्षण आयोगाने तळथरासाठी ७० मायक्रोमीटर ही नाममात्र खोली मानली आहे. प्रत्यक्षात बाह्यत्वचेची जाडी शरीराच्या बहुतेक भागांत २० ते १०० मायक्रोमीटर असते आणि तळहात-तळपायांवर ती याहून पुष्कळच अधिक असते. अंतस्त्वचेतील परिणामांसाठी ३०० ते ५०० मायक्रोमीटर ही खोली विचारात घेतली जाते.

हा तपशील पांडित्याचा नव्हे. सहा मेगाव्होल्टचा झोत १० × १० सेंटिमीटर क्षेत्रातून लंबरूप पडला असता पृष्ठभागावरील मात्रा महत्तम मात्रेच्या सुमारे १५-१६ टक्के भरते. ७० मायक्रोमीटरवर ती २० टक्क्यांच्या आसपास जाते. एक मिलिमीटरवर ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत पोचते. आणि अडीच मिलिमीटरवर निम्म्याहून अधिक होते. केसाच्या जाडीने खोली बदलली तरी मात्रा पंचवीस टक्क्यांनी बदलावी, असा हा प्रदेश आहे. अशा ठिकाणी खोली न सांगता मात्रा सांगणे म्हणजे घाटातील एखाद्या गावाची उंची गावाचे नाव न घेता सांगण्यासारखे आहे. तरीही ‘पृष्ठ-मात्रा’, ‘त्वचा-मात्रा’ आणि ‘प्रवेश-मात्रा’ हे शब्द अनेक लेखनांत परस्परांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. लालिमा-मात्रेचा जुना गोंधळ येथे पुन्हा अवतरतो, एवढेच की या वेळी त्याच्या अंगावर ग्रे या भौतिक एककाचे वस्त्र आहे.

३. साधनांची साक्ष

वर दिलेल्या आकड्यांपर्यंत पोचण्याचा मूळ मार्ग फाइया यांच्या बहिर्वेशन-कक्षाचा. १९३७ मध्ये वर्णिलेल्या या आयनीकरण-कक्षात दोन पट्टिकांमधील अंतर कमी कमी करीत नेतात आणि ते शून्य झाले असता काय वाचन मिळाले असते हे आलेखावरून काढतात. तत्त्वतः हीच पद्धत आदर्श होय; परंतु ती वेळखाऊ आहे आणि असा कक्ष फार थोड्या केंद्रांकडे असतो. म्हणून व्यवहारात स्थिर अंतराचे समांतर-पट्टिका कक्ष वापरले जातात, आणि येथेच पहिली फसगत होते. कक्षाच्या बाजूच्या भिंतींतून सुटलेले इलेक्ट्रॉन पोकळीत शिरतात आणि वाचन वाढवितात. पोकळी जितकी उंच आणि संरक्षक कडे जितके अरुंद, तितका हा दोष अधिक. मूळ मार्कुस कक्षात पट्टिकांमधील अंतर दोन मिलिमीटर आणि कडे अवघे ०.२ मिलिमीटर होते. ॲटिक्स कक्षात अंतर एक मिलिमीटर आणि कडे १३.५ मिलिमीटर आहे. साहजिकच पहिल्याचे वाचन फार चढते तर दुसऱ्याचे बहिर्वेशन-कक्षाच्या जवळ राहते. वेल्कली व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आणि त्यांच्या सूत्रात सुधारणा करून गर्बी व खान यांनी १९९० मध्ये यासाठी दुरुस्तीचे गणित दिले. या गणिताचे मोल मोठे आहे. परंतु ते लंबरूप झोतासाठी बसविलेले असून तिरकस किरणांना ते जसेच्या तसे लावता येत नाही, ही त्याची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. रुग्णाच्या अंगावर किरण लंबरूप क्वचितच पडतात.

शिवाय हे कक्ष फँटममध्ये चालतात, रुग्णावर नव्हेत. रुग्णाच्या त्वचेवर ठेवावयाची साधने निराळी. त्यांपैकी दीर्घकाळ प्रचारात असलेली म्हणजे लिथियम फ्लुओराइडची तापदीप्ति-चकती. तिची नेहमीची जाडी ०.८९ मिलिमीटर आणि घनता दर घन सेंटिमीटरला २.६४ ग्रॅम आहे. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने ती २.३५ मिलिमीटर जाडीची झाली आणि तिचे वाचन स्थूलमानाने या जाडीच्या मध्याचे, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर खोलीचे मानावे लागते. लंबरूप सहा मेगाव्होल्टच्या झोतात या खोलीवरील मात्रा तळथराच्या मात्रेच्या जवळजवळ दुप्पट असते. चकती खोटे बोलत नाही. तिला ज्या खोलीविषयी विचारले नव्हते त्या खोलीविषयी ती खरे बोलते. स्पर्शरेषेने येणाऱ्या किरणांत मात्रेचा चढ कमी उभा असल्याने हीच तफावत घटते. म्हणजे दोष आहे एवढेच नव्हे तर तो प्रसंगपरत्वे बदलणारा आहे. एकच गुणक वापरून तो निवारता येणार नाही. निरनिराळ्या जाडीच्या चकत्या एकाच जागी वापरून बहिर्वेशन करण्याची जी पद्धत क्रोन व सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पुढे आणली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

किरणवर्णी फिल्म या बाबतीत अधिक अनुकूल आहे. ईबीटी-३ या जातीच्या फिल्ममध्ये सुमारे २८ मायक्रोमीटरचा संवेदी थर १२५ मायक्रोमीटरच्या दोन पॉलिएस्टर पट्ट्यांमध्ये बसविलेला असतो. तेव्हा तिचे वाचन दीड-दोनशे मायक्रोमीटर खोलीचे होते. तळथर आणि अंतस्त्वचा यांच्या मधली ही खोली असून ती सांगून वापरली तर उपयुक्त आहे. ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात विकसित झालेला ‘मॉस्किन’ हा अर्धवाहक मापक तर ७० मायक्रोमीटर हीच खोली डोळ्यांसमोर ठेवून रचलेला आहे. साधनरचना कोणत्या दिशेने व्हावी याचा हा उत्तम नमुना होय. तरीसुद्धा चकती, फिल्म आणि अर्धवाहक यांनी दिलेले तीन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडून त्यांची सरासरी काढण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळला पाहिजे. ती तीन राशींची सरासरी होईल, एका राशीची नव्हे.

४. संगणकाचा पृष्ठभाग

उपचार-नियोजनाच्या प्रणालीवर पडद्यावर त्वचेपर्यंत रंगीत समोच्च-रेषा पोचलेल्या दिसतात आणि त्यामुळे तेथील मात्रा ज्ञात असल्याचा भास होतो. गणनेच्या जाळ्याचा एक घन सामान्यतः दोन-अडीच मिलिमीटर बाजूचा असतो. म्हणजे ज्या अंतरात मात्रा पंधरा टक्क्यांवरून निम्म्याच्या पुढे चढते ते सबंध अंतर एकाच घनात सामावते. त्यातही पृष्ठभाग घनाच्या मधून गेला तर अर्धा घन हवा आणि अर्धा ऊती. शरीराची बाह्यरेषा कोणत्या घनतेवर आखली यावर ती एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने सरकते. झोताबरोबर यंत्राच्या शीर्षातून आणि हवेतून येणारे इलेक्ट्रॉन पृष्ठमात्रेचा मोठा वाटा उचलतात. त्यांचे प्रतिमान मात्र बहुधा मोजलेल्या आलेखाशी जुळवून घेतलेले असते, आणि तो आलेख ज्या कक्षाने मोजला त्याचा चढता दोष प्रतिमानात उतरण्याचा धोका असतो. अशा वेळी गणित आणि मापन जुळले हा पुरावा ठरत नाही. दोन्ही एकाच चुकीचे धनी असू शकतात. माँटे कार्लो गणनेने किंवा वहन-समीकरण सोडविणाऱ्या पद्धतींनी या अडचणींपैकी काही दूर होतात. जाळ्याची भरडता आणि बाह्यरेषेची अनिश्चितता त्यांनाही चुकलेली नाही.

व्यस्त नियोजनाने या दुर्बलतेला एक नवे परिमाण दिले. लक्ष्य-क्षेत्र त्वचेपर्यंत आखले की संगणकाला तेथे मात्रा कमी दिसते. ती भरून काढण्यासाठी तो त्या बाजूच्या किरणांची तीव्रता वाढवीत जातो. डोके व मान यांच्या उपचारांत मास्कमुळे आणि अशा आखणीमुळे त्वचेची हानी वाढल्याचे ली व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. लक्ष्य-क्षेत्र त्वचेपासून तीन ते पाच मिलिमीटर आत ओढून घेण्याचा उपाय पुढे रूढ झाला आणि तो बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. परंतु नीट पाहता या उपायाने प्रश्न सुटत नाही, तो दृष्टीआड होतो. त्वचा लक्ष्याबाहेर काढल्यावर तिला किती मात्रा मिळाली हे विचारण्याचे कारणही नियोजनपत्रिकेतून नाहीसे होते.

५. देण्यातील अचूकता

मापन आणि गणित निर्दोष असले तरी उपचाराच्या मेजावर आणखी काही गोष्टी घडतात. कार्बन-तंतूंचे मेज क्ष-किरणांना पारदर्शक म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु मेजाखालून येणाऱ्या झोताच्या बाबतीत ते पाठीच्या त्वचेवर ठेवलेल्या बोलसाचे काम करते आणि त्वचारक्षणाचा बराच भाग नाहीसा करते. मेजांच्या व स्थिरीकरण-साधनांच्या या परिणामाकडे १७६ व्या कार्यगटाने २०१४ मध्ये सविस्तर लक्ष वेधले. कोबाल्ट-यंत्रावर शिशाचे ठोकळे ठेवण्याची पट्टी त्वचेच्या पंधरा-वीस सेंटिमीटरांहून जवळ आली तर तिच्यातून निघणारे इलेक्ट्रॉन पृष्ठमात्रा वाढवितात, हा धडा जुना आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाभाट्रॉनसारखी कोबाल्ट-यंत्रे ज्या देशात बनली व बसविली गेली, तेथे तो अभ्यासक्रमातून गाळण्याजोगा नाही.

सर्वांत कसोटीचे प्रकरण म्हणजे स्तन काढून टाकल्यानंतर छातीच्या भिंतीला दिले जाणारे किरण. येथे त्वचा ही वाचवावयाची ऊती आहे आणि त्याच वेळी, व्रणाच्या आसपास, रोग उलटण्याची जागाही आहे. मात्रा कमी पडली तर रोग परतण्याची भीती. अधिक झाली तर त्वचा सोलवटून पाझरू लागते, उपचारात खंड पडतो. या दोहोंमध्ये तोल साधण्याचे साधन म्हणजे बोलस : मेण, जेलची चादर किंवा ओल्या गॉजच्या घड्या. तो केव्हा, किती जाडीचा आणि किती दिवस ठेवावा यावर एकमत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत अमेरिका खंडातील बहुसंख्य चिकित्सक तो नेहमी वापरीत असल्याचे, तर युरोपातील बहुसंख्य तसे करीत नसल्याचे आढळले.

या मतभेदाच्या मुळाशी मात्रेचे अज्ञान किती आहे हे एका साध्या हिशेबाने दिसेल. समजा, २५ बैठकांत ५० ग्रे मात्रा ठरली आहे. बोलसाविना त्वचेला ६० टक्के आणि बोलसासह ९५ टक्के मात्रा मिळते. मग बोलस कधीच न वापरल्यास त्वचेला ३० ग्रे, रोज वापरल्यास ४७.५ ग्रे आणि एक दिवसाआड वापरल्यास सुमारे ३८.८ ग्रे मिळतील. आता ‘६० टक्के’ हा आकडा जाड चकतीचा असून तळथराला खरोखर ५० टक्केच मिळत असतील, तर पहिल्या पर्यायात ५ ग्रेची आणि तिसऱ्यात अडीच ग्रेची चूक झाली. शिवाय एक दिवसाआडच्या योजनेत त्वचेला एका बैठकीस १.९ ग्रे आणि दुसऱ्या बैठकीस १.२ ग्रे मिळतात; पेशींवरील परिणाम बैठकीच्या मात्रेवर अवलंबून असल्याने नुसती बेरीज जैविक तुलनेस पुरेशी नाही. आणि बोलस त्वचेला चिकटून बसला आहे हे या हिशेबात गृहीतच धरलेले आहे. व्रणाच्या खळग्यावर त्याखाली हवा राहिली, तिचे अंतर पाच-सहा मिलिमीटरांच्या पुढे गेले, क्षेत्र लहान असले किंवा किरण तिरकस आले, की ९५ टक्क्यांचा आकडाही खाली येतो. ओल्या गॉजची जाडी व ओल दररोज सारखी राहील याची हमी नाही. त्रिमितीय मुद्रणाने रुग्णाच्या अंगाबरोबर बोलस घडविण्याची पद्धत म्हणूनच स्वागतार्ह आहे. तथापि उपचाराच्या पाच आठवड्यांत सूज ओसरून अंगाचा आकार बदलतो, हेही विसरता येत नाही.

६. एक आक्षेप आणि त्याचे मोल

यावर असा आक्षेप येईल की, त्वचेची प्रतिक्रिया मात्रेखेरीज रासायनिक औषधे, त्वचेच्या घड्या, घाम आणि रुग्णाची प्रकृती यांवरही अवलंबून असते. तेव्हा मात्रेचा इतका काटेकोरपणा निष्फळ आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याच्या विरुद्ध बाजूस भक्कम पुरावाही आहे. पिन्योल व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक चाचणीत स्तनातील मात्रा अधिक एकसमान केल्याने त्वचा ओलसर सोलवटण्याचे प्रमाण ४७.८ टक्क्यांवरून ३१.२ टक्क्यांवर आले. मात्रेचे वितरण सुधारले आणि त्वचेने त्याची पोच दिली. अन्य कारणे असतात म्हणून हे कारण मोजू नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट इतर कारणे वेगळी काढावयाची तर मात्रा आधी निश्चित हवी.

प्रतिक्रियेच्या निरीक्षणाविषयीही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. त्वचेच्या हानीच्या प्रचलित श्रेणी लालिमेपासून सुरू होतात. सावळ्या व काळ्या त्वचेवर लालिमा सहज दिसत नाही. तेथे काळपटपणा वाढतो आणि आरंभीची पायरी नजरेतून सुटते. उपचार चालू असताना त्वचेतून निघणाऱ्या चेरेनकोव्ह प्रकाशाचे चित्र घेण्याची आशादायक पद्धत अलीकडे पुढे आली आहे. तिच्यातही मेलॅनिन आणि रक्त तो प्रकाश शोषून घेतात, म्हणून एका वर्णाच्या त्वचेवर बसविलेले प्रमाण दुसऱ्या वर्णाला लागू पडत नाही. भारतीय रुग्णांच्या बाबतीत डोळ्यांची साक्ष अशी दुर्बल असल्याने मापकाच्या साक्षीचे महत्त्व येथे कमी नसून अधिक आहे.

७. निष्कर्ष

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या आणि भारतात भाभा अणुसंशोधन केंद्रानेही चालविलेल्या टपाली मापक-तपासण्यांनी किरणोपचाराला विश्वासार्हता मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. पण या तपासण्या पाण्यातील संदर्भ-खोलीवरील मात्रा पडताळतात. झोत बरोबर आहे एवढेच त्या सांगतात. त्वचेपर्यंतचा निर्णय त्यांच्या कक्षेबाहेर राहतो आणि तो प्रत्येक विभागाला स्वतःच करावा लागतो.

त्वचेसाठीही पाच टक्क्यांचा दंडक आजच लागू करावा, अशी मागणी अवास्तव ठरेल. साधने आणि गणित तिला पुरे पडणार नाहीत. मागणी याहून साधी आहे. त्वचा-मात्रेचा प्रत्येक आकडा खोलीसह लिहिला जावा; मापकाची परिणामी खोली आणि केलेली दुरुस्ती नमूद व्हावी; संगणकाचा आकडा असल्यास जाळ्याचे माप व बाह्यरेषेची पद्धत सांगितली जावी; आणि बोलसाची बैठकवार नोंद ठेवली जावी. यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. एवढे झाले तर दोन रुग्णालयांतील अनुभवांची तुलना करता येईल आणि बोलसाविषयीचा वाद मतांवर न राहता पुराव्यावर येईल. राँटगेन एककाने १९२८ मध्ये जे कार्य केले ते याच जातीचे होते. त्याने मात्रा बदलली नाही; सर्वांना एकाच गोष्टीविषयी बोलावयास लावले. त्वचा वाचलेली आहे या जुन्या गृहीतकाची जागा आता त्वचेला किती मिळाले आणि कोणत्या खोलीवर, या प्रश्नाने घेतली पाहिजे. तो प्रश्न विचारल्याविना ‘अचूक उपचार’ हे शब्द छातीच्या व्रणावर किरण घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत वापरणे शास्त्राला शोभणारे नाही.